भीमा-सीनेच्या काठानं: माढ्याच्या मुलुखात सहा दिवस

पुण्याहून सोलापूरला निघालेली गाडी टेंभुर्णीत चहाला थांबते. डावीकडं कुर्डुवाडीचा फाटा दिसतो, उजवीकडं अकलूज-पंढरपूरचा. चहा संपतो आणि गाडी सरळ सोलापूरकडं निघून जाते. मी माढ्याचा. या दोन फाट्यांच्या आत काय काय दडलं आहे, हे पाहुण्यांना सांगण्यात माझी बरीच वर्षं गेली. म्हणून यंदा सगळं एकदाच लिहून काढतो आहे: स्वतःची गाडी, चार-पाच माणसं, सहा दिवस आणि पाच मुक्काम, एवढं धरून.

आधी हिरवाईबद्दल. आमचा भाग पर्जन्यछायेतला. सह्याद्रीत पाऊस कोसळत असतो तेव्हा इथं नुसते ढग पळत असतात. आमचा खरा पाऊस सप्टेंबरचा, परतीचा. त्यामुळं कोकण-महाबळेश्वरच्या हिशेबानं जुलैत आलात तर उघडी माळरानंच पाहायला मिळतील. इथली हिरवाई ऊस, केळी, डाळिंब आणि शाळू यांची आहे, आणि ती पाण्याच्या मागोमाग गेली आहे. माढा तालुका म्हणजे पश्चिमेची भीमा आणि पूर्वेची सीना यांच्यामधली पट्टी. उजनीचं पाणी कालव्यांनी, उपसा योजनांनी आणि डोंगर पोखरून काढलेल्या भीमा-सीना जोडबोगद्यानं इथं खेळवलं गेलं, तेव्हा कुठं हे हिरवं रान उभं राहिलं. किल्ले, देवळं, संतांची गावंही नदीला धरूनच वसली. तेव्हा सहलीचा नकाशा काढताना महामार्गाची रेघ बाजूला ठेवा आणि नद्यांवर बोट फिरवा: भीमा, सीना, तेरणा, बोरी, नीरा. ठिकाणं आपोआप एका माळेत येतात.

कधी यायचं? माझं स्पष्ट मत: डिसेंबरचा शेवटचा आठवडा ते जानेवारीअखेर. शाळू हुरड्यात आलेला असतो, उजनीवर परदेशी पक्षी उतरलेले असतात, दुपारीही किल्ल्यात फिरता येतं. नळदुर्गचे धबधबे पाहायचे असतील तर मात्र भर पावसाळ्यात किंवा त्यानंतर लगेच यावं लागेल, आणि त्याची किंमत चिखलात मोजावी लागेल. एप्रिल-मे शक्यतो टाळा. पारा चाळिशीच्या वर जातो, देवळांच्या दगडी फरशीवर अनवाणी पाय टेकवत नाही. (तरीही यायचंच असेल तर प्रत्येकासाठी जाड मोज्यांचा एक जोड घ्या. आमच्याकडं म्हातारी माणसं तेच करतात.)

दिवस ठरवताना पंचांग उघडं ठेवा. आषाढी आणि कार्तिकीला पंढरपूरच्या रस्त्यांवर गाडीचं काम नाही. पालख्या असतात तेव्हा तो रस्ता वारकऱ्यांचा. नवरात्रापासून कोजागरीपर्यंत तुळजापूरकडं पायी जाणाऱ्यांची रीघ असते आणि वाहतूक वळवली जाते. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमेला तुळजापूर, दर एकादशीला पंढरपूर, गुरुवारी अक्कलकोट गजबजलेलं असतं. संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते. ती मुद्दाम पाहायची तर त्या बेतानं या, पण मुक्कामाची खोली महिनाभर आधी पक्की करा.

पहिल्या दिवशी पुण्याहून पहाटे साडेचारला निघा. लवकर वाटेल, पण भिगवणजवळच्या कुंभारगावात उजाडताना पोचण्यात खरी मजा आहे. उजनीच्या फुगवट्यावर धुकं असतं आणि त्यात रोहित पक्ष्यांची रांग हळूहळू गुलाबी होत जाते. पट्टकादंब हंस, चक्रवाक, चित्रबलाकही दिसतात. गावातलेच मासेमार होडीतून नेतात. नावाड्याला दादा म्हणून आधीच सांगा, थवा उडवू नका, लांबूनच पाहू. उडालेल्या थव्याचा फोटो छान येतो, पण हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याचं खाणं त्यापायी मोडतं. आणि जीवरक्षक जाकीट अंगात घातल्याशिवाय होडीत पाय ठेवू नका. मे २०२४ मध्ये याच जलाशयात कुगाव ते कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात होडी उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. वारा सुटला असेल तर होडीचा बेत सोडून द्या, काठावरून दुर्बिणीनंही भरपूर दिसतं.

उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. भीमेच्या काठची कितीतरी गावं या धरणानं पोटात घेतली. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनीत सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा आहे. आमचा ऊस ज्या पाण्यावर उभा आहे त्याखाली कुणाची तरी घरं आहेत. हे मुलांना जरूर सांगा.

दुपारचं जेवण भिगवणला. उजनीतली ताजी चिलापी तिथं मिळते. मग महामार्गानं टेंभुर्णीकडं येताना भीमानगरला धरणाची भिंत लागते आणि संध्याकाळच्या आत माढा गाठता येतं. माढ्यात राहायची सोय मोजकी आहे. खोल्या मिळाल्या नाहीत तर कुर्डुवाडी किंवा टेंभुर्णीच्या लॉजवर उतरा. पहिले दोन मुक्काम एकाच जागी करा, म्हणजे रोज सामान बांधायचा ताप राहत नाही.

माढ्यात माढेश्वरीचं देऊळ पाहा. ते रावरंभा निंबाळकरांनी बांधलेलं. निजामाच्या पदरी असलेल्या या सरदारानं अठराव्या शतकात करमाळा-माढा भागात जी बांधकामं केली त्यांतलं सगळ्यात मोठं दुसऱ्या दिवशी पाहू. गावात त्यांची जुनी गढीही आहे. तिथं घाई करू नका. संध्याकाळी देवळात बसलात की कुणीतरी म्हातारं माणूस जवळ येऊन "पावणं, कुठलं?" असं विचारेलच. त्याच्याकडून पुढल्या दिवशीच्या रस्त्याची खबर घ्या. कुठला पूल खचलाय, कुठं काम चालू आहे, हे मोबाइलच्या नकाशाला कळायच्या आधी त्याला कळलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी कुर्डुवाडी, परांडा, करमाळा असा फेरा करून परत माढा. साधारण सव्वाशे-दीडशे किलोमीटर. कुर्डुवाडीत मिनिटभर स्टेशनाबाहेर थांबा. या स्टेशनाचं जुनं नाव बार्शी रोड. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं इथून बार्शीपर्यंत अडीच फुटी अरुंद रुळांची बार्शी लाइट रेल्वे घातली, ती १८९७ मध्ये सुरू झाली. पुढं ती पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत वाढली. तिच्या डब्यांतून शंभर वर्षं वारकरी आणि कापसाच्या गासड्या गेल्या. आता सगळे रूळ रुंद झाले, पण आमच्या घरातली जुनी माणसं अजून "बार्शी लाइट"च म्हणतात.

परांड्याला किमान तीन तास द्या. महाराष्ट्रातल्या भुईकोटांत मला हा सगळ्यात जास्त आवडतो. खंदक, दुहेरी तट, एकापाठोपाठ वळणं घेत जाणारे दरवाजे आणि बुरुजांवर अजून जागच्या जागी असलेल्या तोफा. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांनी घेतलं, तेव्हा मलिक अंबरानं निजामशाहीचं तख्त इथं मांडलं. विजापूरची प्रसिद्ध मुलूखमैदान तोफही इथलीच, १६३२ मध्ये ती विजापूरला नेली गेली. पंचावन्न टनांचं ते धूड सीना आणि भीमा ओलांडून कसं नेलं असेल, हा प्रश्न तटावर उभं राहून मुलांना घाला. त्यांना इतिहास आपोआप कळू लागतो. किल्ल्यात गवत माजलेलं असतं, चप्पल नको, बूट घाला. हातात काठी असलेली बरी. पाणी आणि खाणं बरोबर ठेवा.

करमाळ्याला कमलाभवानीचं देऊळ. रावरंभांची ही सगळ्यात मोठी खूण. आमच्या भागात परकी वाटणारी दक्षिणी धाटणीची गोपुरं, उंच दीपमाळा, आणि जवळच शहाण्णव पायऱ्यांची बारव. शहाण्णव हा आकडा इथं पुन्हापुन्हा मोजला जातो. बारवेच्या पायऱ्या उतरताना लहान मुलांचा हात सोडू नका, कठडा नाही.

करमाळ्याहून जेऊरमार्गे परत येताना अंधार पडू देऊ नका. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत आमच्याकडं गळीत हंगाम असतो. पिंपळनेरच्या विठ्ठलराव शिंदे साखर कारखान्यासारखे अनेक कारखाने चालू असतात आणि रात्रंदिवस ऊस वाहिला जातो. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागं दिवा नाही, कधी ट्रॉली बिघडून अर्ध्या रस्त्यात उभी. समोरून येणाऱ्याच्या उजेडात ती दिसतच नाही. आमच्या गावांनी या ट्रॉल्यांपायी तरणी मुलं गमावली आहेत. साडेपाचपर्यंत मुक्कामाला पोचायचं, एवढा नियम पहिले पाचही दिवस पाळा. दिवसा ट्रॉलीच्या मागं असाल तर अंतर ठेवा आणि मोकळा सरळ रस्ता दिसेपर्यंत ओलांडू नका. मुलांना खिडकीतून ऊस ओढू देऊ नका.

दुसरा धोका काळ्या मातीचा. एकदा ऑक्टोबरात, पाऊस होऊन दोन दिवस झाले होते म्हणून मी मोबाइलनं दाखवलेल्या जवळच्या वाटेनं गाडी घातली. वरून वाळलेली दिसणारी माती आतून लोण्यासारखी होती. चारही चाकं रुतली, आणि जितका रेस दिला तितकी गाडी खाली बसली. शेजारच्या वस्तीवरच्या तात्यांनी ट्रॅक्टरनं ओढून काढली, पैसे विचारले तर रागावले. तेव्हापासून डांबर सोडायचं नाही हे ठरवलं. तुम्हीही ठरवा. ओढायचा दोर, हवा असलेली स्टेपनी आणि चालणारा जॅक निघायच्या आदल्या दिवशी तपासून घ्या. पावसाळ्यात येणार असाल तर नदीवरचे बुटके पूल आणि बंधारे यांवरून पाणी वाहत असताना गाडी घालायची नाही, कुणी गेलं तरी. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला आलेल्या पुरानं माढा, करमाळा, परांडा भागातली घरं, जनावरं आणि उभी पिकं नेली. ज्या सीनेत उन्हाळ्यात पोरं क्रिकेट खेळतात, ती तीच नदी.

तिसऱ्या दिवशी सामान बांधून बार्शी, तेर, तुळजापूर. बार्शीचं भगवंत मंदिर सकाळी पाहा. पंढरीची एकादशी केली की बार्शीची द्वादशी करायची, अशी इथली जुनी रीत आहे. अंबरीष राजाच्या द्वादशीच्या व्रताची कथा या देवाशी जोडलेली आहे.

तेरबद्दल मात्र मला थांबून सांगायचं आहे. तेरणेच्या काठचं हे गाव आज शांत आहे. दोन हजार वर्षांपूर्वी याचं नाव तगर होतं, आणि एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याच्या 'पेरिप्लस'मध्ये त्याची नोंद आहे. इथला माल गाड्यांवरून भडोचच्या बंदराकडं जायचा. कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावकऱ्यांना शेतात, विहिरीत, पांढरीच्या मातीत सापडणाऱ्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या, त्यातून इथलं संग्रहालय उभं राहिलं. मातीची खेळणी, मणी, नाणी पाहताना रोमशी चाललेला व्यापार डोळ्यांसमोर येतो. सरकारी संग्रहालयं साधारणपणे सोमवारी बंद असतात, त्यामुळं तिसरा दिवस सोमवारी येऊ देऊ नका. मग त्रिविक्रमाचं देऊळ. जुन्या विटांचं, मागून अर्धगोल, बौद्ध चैत्याच्या आकाराचं. असं दुसरं उदाहरण महाराष्ट्रात शोधून सापडणं कठीण. शेवटी गोरोबाकाकांची समाधी. संत गोरा कुंभार याच गावचे. नामदेवांसकट सगळ्या संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कोण कच्चं, कोण पक्कं हे त्यांनी पाहिलं, ती गोष्ट इथल्या अंगणात बसून सांगावी.

तुळजापूरला मुक्काम करा, म्हणजे चौथ्या दिवशी पहाटे गर्दीआधी भवानीचं दर्शन होतं. मंगळवार येत असेल तर दिवस मागं-पुढं करा.

चौथा दिवस नळदुर्गचा. बोरी नदीला किल्ल्याच्या पोटातच बांध घालून अडवलं आहे आणि त्या बांधाच्या अंगात पाणीमहाल बांधला आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं, १६१३ च्या सुमाराचं हे काम. पावसाळ्यात नदी भरली की बांधाच्या दोन सांडव्यांवरून नर आणि मादी हे धबधबे कोसळतात आणि आतल्या सज्जात उभं राहिलं की समोर पाण्याचा पडदा असतो, अंगावर मात्र थेंब नाही. हिवाळ्यात धबधबे नसले तरी हे बांधकाम कसं केलं असेल ते निवांत पाहता येतं. उपळ्या बुरुजावर चढा, तिथून तट किती पसरलाय ते कळतं. १८५३ नंतर काही वर्षं 'कन्फेशन्स ऑफ ए ठग'चा लेखक मेडोज टेलर या जिल्ह्याचा कारभार इथूनच पाहत होता.

नळदुर्ग ते सोलापूर तासाभराचं अंतर. संध्याकाळी सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी जा. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी हे तळं खोदवलं, असं सोलापूरकर मानतात. शेजारीच भुईकोट किल्ला. खरेदी करायची तर सोलापुरी चादर आणि शेंगापोळी, शेंगांची चटणी, कडक भाकरी. कडक भाकरी घेऊन ठेवा, पुढले दोन दिवस गाडीत भुकेला कामाला येते, बिघडत नाही.

पाचवा दिवस माझ्या सगळ्यात आवडीचा. सोलापूरच्या दक्षिणेला हत्तरसंग कुडल इथं सीना भीमेला मिळते. पहिल्या दिवसापासून ज्यांच्या काठानं फिरलो त्या दोन नद्या इथं एक होतात. संगमावरच्या देवळात शके ९४०, म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख आहे. आपल्या भाषेच्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी हा एक. जो हे वाचेल तो विजयी होईल, असा त्याचा आशय. मराठी वाचता येणाऱ्या प्रत्येकानं एकदा तरी त्या दगडासमोर उभं राहावं, असं मला मनापासून वाटतं. शेजारी शेकडो छोटी लिंगं कोरलेलं बहुमुखी शिवलिंग आहे. हॉटेल नाही, डबा बरोबर हवा.

तिथून माचणूर. भीमेच्या घाटावरचं सिद्धेश्वराचं देऊळ, उतरत गेलेल्या पायऱ्या, आणि जवळचा किल्ला. शेजारच्या ब्रह्मपुरीला १६९५ ते १६९९ औरंगजेबाची छावणी होती. दख्खन जिंकायला आलेला बादशहा इथं चार वर्षं नदीच्या काठावर बसून होता, आणि मराठे हाती लागत नव्हते. पुढं मंगळवेढा. दुष्काळात सरकारी कोठार लोकांसाठी उघडणाऱ्या दामाजीपंतांचं हे गाव. कान्होपात्रा इथलीच. गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून चोखोबा इथंच गेले. त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वारात, नामदेव पायरीजवळ आहे. मंगळवेढा पाहून मग तिथं माथा टेकवला की त्या पायरीचा अर्थ वेगळाच लागतो. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. बाजारातून पाच-दहा किलो नक्की घ्या. आणि वाटेत कुठं आगटी पेटलेली दिसली, हुरडा भाजत असेल, तर थांबून विचारा. बहुतेक शेतकरी बसा म्हणतील. पैसे देऊ केले तर न घेणारेही भेटतील, त्यांच्याकडून काहीतरी विकत घ्या.

पंढरपूरला मंदिर समितीच्या भक्तनिवासात किंवा एखाद्या मठात सोय होते. गाडी लांब लावून चालत जा, पेठेतल्या बोळांत चारचाकी घालू नका. दर्शनाची रांग मोठी असेल तर मुखदर्शन घेऊन वाळवंटात उतरा आणि होडीनं विष्णुपदाकडं जा.

खर्चाचं आणि सोयीचं थोडक्यात. सगळं मिळून साडेनऊशे ते हजार किलोमीटर होतात. लिटरला पंधरा धरले तर पासष्ट लिटरच्या आसपास इंधन. परांडा आणि तेरकडं जाताना टाकी निम्म्याखाली जाऊ देऊ नका. फोनवरून पैसे देणं सगळीकडं चालतं, तरी होडी, पंक्चर, देवळाबाहेरचा फुलवाला यांच्यासाठी सुटे पैसे हवेत. बायकांसाठी स्वच्छ शौचालय ही आमच्या रस्त्यांवरची खरी अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. महामार्गावरचे मोठे पेट्रोल पंप आणि जेवणाची मोठी हॉटेलं धरून थांबे आखा, किल्ल्यांवर भरवसा ठेवू नका. तीनच दिवस असतील तर माढा, परांडा आणि पंढरपूर एवढंच करा, भिगवण जाताना पाहा. सगळं कोंबायला गेलात तर गाडीच्या काचेतून देवळांचे कळस तेवढे दिसतील.

शेवटच्या सकाळी पंढरपूरहून वेळापूर. अर्धनारीनटेश्वराचं यादवकालीन देऊळ, पुढं शांत बारव, यादवांच्या काळचे शिलालेख. मग अकलूज, नीरेच्या काठचा किल्ला. आणि पुण्याच्या रस्त्याला लागण्याआधी थोडं आत वळून नीरा-नरसिंहपूर. इथं नीरा भीमेला मिळते. विठ्ठल शिवदेव विंचूरकरांनी उभारलेलं लक्ष्मी-नरसिंहाचं भक्कम देऊळ नदीच्या वर किल्ल्यासारखं उभं आहे. घाटाच्या पायऱ्या उतरून पाण्यापाशी बसा, शिल्लक राहिलेली कडक भाकरी आणि शेंगांची चटणी तिथं संपवा. समोरच्या तीरापलीकडं आमचा माढा तालुका दिसतो. तीनपर्यंत निघालात तर इंदापूरला महामार्ग धरून दिवेलागणीपर्यंत पुणं जवळ येतं.